कोंबड्यांच्या पायाखालची जागा

आमच्या सुनेनं मागच्या अंगणात कोंबड्या पाळायचं ठरवल्यापासून घरात एकच विषय आहे, त्यांच्या पायाखाली काय टाकायचं. ती मोबाइलवर बघते आणि नवऱ्याला दाखवते. एक माणूस हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरा म्हणतो, दुसरा सिमेंटचा कोबा करा म्हणतो, तिसरा कुठून तरी लाकडाच्या ढलप्या मागवा म्हणतो. मला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी त्याच खोलीत चहा पीत बसलेली असते, मला दिसतं, ऐकूही येतं, पण रिटायर झालेल्या शिक्षिकेला कोंबड्यांतलं काय कळणार. कळतं बाई. या एका प्रश्नावरून चोपड्याला माझ्या माहेरी जे युद्ध झालं ते मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बघितलं आहे, आणि अजून माझा राग गेलेला नाही. हे पान मी रागातच लिहिते आहे. ज्याला गोड आठवणी हव्यात त्यानं हे प्रकरण सोडून द्यावं.

आमचं घर धाब्याचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. पुढं ओटा, मध्ये दोन अंधाऱ्या खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या दाराबाहेर परसदार. परसदाराला एका अंगाला मोरी, दुसऱ्या अंगाला पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग, आणि उरलेल्या जागेत मायच्या कोंबड्या. लाकडी फळ्यांचं खुराडं होतं आणि त्याच्यापुढं तारेची जाळी मारून केलेलं आवार, कोंबड्यांनी दिवसभर फिरावं म्हणून. नाना, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते सकाळी जात आणि संध्याकाळी येत, आणि मधल्या वेळात घराचा आवाज म्हणजे कोंबड्यांचा आवाज. अंडं घातल्यावर सगळ्या जगाला सांगत सुटणारी ती कॉक-कॉक-कॉक, मोरीवर भांडी घासताना त्यांच्याशी चाललेलं मायचं पुटपुटणं, दुपारी सगळं थंडावल्यावर नुसती नखांनी माती ओढल्याची खरखर. माय घरात फार बोलायची नाही. पुढच्या खोलीत पाहुणे बसत, मधल्या खोलीत नानांची टेबलखुर्ची, स्वयंपाकघरातसुद्धा डब्यांची जागा आजीच्या वेळेपासून ठरलेली. तिचं स्वतःचं म्हणून होतं ते एवढं परसदार. अंड्यांवर तिनं माझ्या शाळेच्या वह्या घेतल्या, स्वतःचा चष्मा केला, आणि मी पुढं कॉलेजला जाईन असं ती फक्त कोंबड्यांना सांगायची. मी ते मोरीपाशी उभी राहून ऐकलेलं आहे.

या घरात आक्का आली. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, माझी आत्या, पण तिला लहानथोर सगळे आक्काच म्हणत. नवरा वारला तशी ती धुळ्याहून आपल्या भगवानला घेऊन आमच्याकडे राहायला आली. भगवान शिवणकाम शिकलेला, गरीब स्वभावाचा, वयानं लग्नाचा. त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. आक्काविषयी मात्र पुष्कळ म्हणायचं आहे. आजी लवकर गेली तेव्हा नानांना आक्कानं वाढवलं होतं, आणि हे ती जेवताना, झोपताना, पाणी पिताना सांगायची. नानांचा घास तोंडाशी थांबायचा. त्यांना तिच्यासमोर नाही म्हणता येत नव्हतं, आणि हे तिला नानांच्या आधीपासून ठाऊक होतं.

आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती परसदारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि नानांना त्यांच्या लहानपणच्या नावानं हाक मारून म्हणाली, "काशी, आठे एक खोली आरामशीर निंघी. मना भगवानना लगीननं व्हई जाई."

माय भांडी घासत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आन् कोंबड्या कोठे जातीन, आक्का?"

"कोंबड्या पातेल्यामा जातीन," आक्का म्हणाली, आणि स्वतःच हसली. आणखी कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून आक्काला वास यायला लागला. धुळ्याला असताना तिला गटाराचा वास येत नव्हता, पण आमच्याकडे तिला झोपेतसुद्धा कोंबड्यांचा वास यायचा. जेवताना पदर नाकाला, बुद्धवंदनेला बसली तरी पदर नाकाला. शेजारणी आल्या की त्यांना परसदारापर्यंत नेऊन वास दाखवायची, जशी काही घरातली नवी वस्तू. "पोऱ्याले दखाले पाहुना यी ते नाक दाबीसन बसी," असं ती नानांच्या कानाशी म्हणत राहिली. आणि खरं सांगायचं तर पावसाळ्यात थोडा वास यायचा. आमची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात आणि पावसात तिचा लगदा होतो. कोंबड्यांच्या पायांना मातीचे गोळे चिकटून त्या जड चपला घातल्यासारख्या चालायच्या, विष्ठा चिखलात मिसळायची, आणि चार दिवस ऊन पडलं नाही की परसदार आंबायचं. हे आक्काला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पावसाळ्यात कोंबड्या चिखलानं मेल्या किंवा वासापायी निघाल्या म्हणजे सुंठीवाचून खोकला जाणार होता.

शेवटी नानांनी निकाल दिला. त्यांना निकाल द्यायला आवडायचं नाही, त्यामुळे तो कारकुनी निघाला. "हा पावसाळा बघू," ते म्हणाले. "परसदाराला वास आला तर कोंबड्या निघतील आणि खोली होईल. नाही आला तर आक्का, तू हा विषय काढायचा नाही." आक्का हो म्हणाली, कारण पाऊस तिच्या बाजूचा होता. दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन आवारात उतरली आणि चपलेच्या टाचेनं माती उकरून बघत म्हणाली, "शालू, हिना वर काही तरी टाकनं पडी." तेवढंच. माझ्या मायला मी आयुष्यात एवढी हट्टी कधी पाहिली नव्हती.

काय काय टाकून पाहिलं ते आमच्या सुनेनं ऐकावं. आधी गव्हाचा भुसा टाकला, कारण तो घरात होता. पावसाच्या एका सरीत त्याची लापशी झाली आणि माशा बसल्या. मग माझ्या मामांच्या बागेतला केळीचा वाळका पाला आणला. तो दिसायला फार छान, अंथरल्यावर परसदार मांडवासारखं दिसायला लागलं, पण त्याच्याखाली पाणी साठून राही, गोगलगायी होत, आणि कोंबड्यांना तो उकरता येईना. कोंबडीला उकरायला मिळालं नाही की ती दुसरीची पिसं उपटते. दोन दिवसांत आमच्या तांबड्या कोंबडीची पाठ उघडी पडली. मग तापीची वाळू टाकली. वाळू उत्तम असं सगळे सांगत, आणि असेलही जिथं खाली खडक आहे तिथं. आमच्या काळ्या मातीनं ती आठवडाभरात गिळून टाकली आणि वर पुन्हा चिखल. वखारीतला लाकडाचा भुसा आणला तर कोंबड्या शिंकायला लागल्या आणि आक्काच्या डोळ्यांतून तर भुसा यायच्या आधीच पाणी यायला लागलं. दरवेळी नवं काही टाकलं की आक्का मोरीवर बसून बघायची आणि म्हणायची, "टाक व सुमन, टाक. जमीन तुना बापनी शे." सुमन म्हणजे माय. जमीन मायच्या बापाची नव्हती हे तिला दिवसातून एकदा तरी ऐकवायचंच असं आक्कानं ठरवलेलं होतं.

आणि मग माय तेलाच्या गिरणीतून शेंगांची टरफलं घेऊन आली. भुईमूग फोडल्यावर उरणारी टरफलं गिरणीच्या भट्टीत जळायला जात. तिथं कामाला असलेल्या बायकांना मायनं अंडी दिली आणि त्यांनी तिला पोती भरून दिली. पहिली पोती फसली. ती गिरणीमागं उघड्यावर पडलेल्या ढिगातली होती, आतून ओली, काळपट बुरशी धरलेली, आणि त्या आठवड्यात पिल्लं चोची उघड्या टाकून श्वास घ्यायला लागली. काही मेली. आक्का त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली. मायनं मेलेली पिल्लं पुरली, उरलेल्या टरफलांत मूठ घालून ती नाकाशी नेली, आणि सगळं आवार स्वतः खरडून काढलं. तेव्हापासून एकही पोतं तिनं वास घेतल्याशिवाय घरात घेतलं नाही. पावसानं उघडीप दिली की टरफलं धाब्यावर पसरून कडक वाळवायची, मुठीत चुरली की कुरकुर वाजली पाहिजेत, मग पत्र्याखाली भरून ठेवायची. आवारात आधी मुरुमाचा थर दिला, म्हणजे पाणी खाली निघून जाईल, आणि वर वीतभर टरफलं. ती हलकी, लवकर कुजत नाहीत, आणि कोंबड्या दिवसभर त्यांत काही तरी शोधत बसतात. सकाळी माय दाताळ्यानं ती वरखाली करायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कोरड्या पाचोळ्यात कुणी बसून हळूहळू बोलतंय असा.

पुढं पाऊस वाढला, खूप आला, पण परसदाराला वास आला नाही. नाना दर रविवारी जाळीपाशी उभे राहून नाकानं हवा ओढायचे, साहेब कालव्याची तपासणी करतो तसे, आणि काही न बोलता आत जायचे. आक्काला हे सहन होईना. ती मोरीवरचं खरकटं पाणी जाळीवरून आवारात फेकायला लागली. मी पकडलं तेव्हा म्हणाली, "हात घसरना." रोज हात घसरायचा, आणि रोज एकाच जागी घसरायचा. मी नानांना सांगते म्हटलं तर माय म्हणाली, "सांगू नको. वल्लं व्हयनं तितलं काढी टाकू." ती तेवढी ओली टरफलं उचलून उकिरड्यावर टाकायची आणि तिथं नवी पसरायची. मला मायचा राग यायचा. मला वाटायचं, ही घाबरते. आज वाटतं की ती घाबरत नव्हती, तिला भांडण नको होतं इतकंच, कारण घरातल्या भांडणात नाना नेहमी गप्प बसत आणि गप्प बसलेला माणूस शेवटी बहिणीच्या बाजूनं गेला असता.

पावसाळा संपला. आक्का हरली. निदान आम्हाला तसं वाटलं. तिनं खोलीचा विषय काढला नाही, पण भगवानसाठी मुलगी बघायला लागली. बोदवडचं एक स्थळ आलं. मुलगी आधी बघून झाली होती, पसंत होती, आता तिचे आईवडील आमचं घर बघायला येणार होते. हिवाळ्याचे दिवस, तेव्हा पाहुण्यांना भरीत करायचं ठरलं. आक्का नानांना म्हणाली, "पाहुना इचारतीन, पोरगी कोठे राही? तवय तू काय सांगशी?" नानांनी पानातल्या भाकरीकडे बघितलं. म्हणजे विषय संपला नव्हता, तो पाहुण्यांच्या तोंडून निघणार होता. पाहुण्यांनी चारचौघांत विचारलं असतं तर नाना परसदाराकडे बोट दाखवून मोकळे झाले असते, हे मला समजलं, मायलाही समजलं, आणि आक्कानं ते समजूनच बेत केला होता.

आमच्याकडे भरीत घरातल्या चुलीवर करत नाहीत. परसदारात पऱ्हाटीच्या काड्यांचा मोठा जाळ करायचा, त्यात पांढरट हिरवी मोठाली वांगी टाकायची, आणि ती बाहेरून कोळसा आतून लोणी झाली की सोलून लाकडाच्या बडगीत कुटायची. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी. त्या दिवशी जाळाला आक्का स्वतः बसली होती, हे काम तिनं कुणाला दिलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून बडगीत वांगी कुटत होते, माय आत भाकऱ्या थापत होती. शेवटची वांगी काढल्यावर आक्कानं घमेलं घेतलं, राख भरली आणि जाळीवरून कोंबड्यांच्या आवारात टाकली. मग दुसरं घमेलं.

मी मायला म्हटलं, "आक्का राख टाकी राहिनी कोंबड्यास्मा."

"टाकू दे," माय भाकरी उलटत म्हणाली. "पिसवा मरतीन."

त्यात आश्चर्य काही नव्हतं. चुलीची राख कोंबड्यांच्या आवारात सगळेच टाकतात, कोंबड्या तिच्यात लोळतात आणि अंगावरच्या पिसवा जातात. मायला वाटलं, चुलीपाशी साठलेली कालची गार राख असेल. ती बाहेर आली नाही आणि बघितलं नाही, आणि मीही कुटण्याच्या नादात कुठली राख ते तिला सांगितलं नाही. पण भरताची राख कुणी टाकत नाही. तिच्यावर आधी पाणी मारतात, नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती तशीच ठेवतात, कारण पऱ्हाटीच्या बुडख्यांत विस्तव राहतो. वरून राख पांढरी दिसते आणि आत निखारा असतो. हे खानदेशातल्या बाईला शिकवावं लागत नाही.

पाहुणे जेवायला बसले. मुलीचा बाप कमी बोलणारा होता, आई बोलकी, ठसठशीत, येताना पिशवीतून स्वतःच्या घरची अंडी घेऊन आलेली. माय तिला वाढत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आमनी पोरले एक स्थळ उनं व्हतं फैजपूरकडनं. घर मोठं, पन तठे नणंद-भावजयना झगडा. पान्यावरथीन झगडतीन, चुल्हावरथीन झगडतीन. आम्ही चहा नही पिता उठी उनूत. पोर उपाशी राही चाली, पन झगडाना घरमा नही देवानी." आक्कानं लगेच मान डोलावली आणि म्हणाली, "आमना घरमा तसं काही नही, सुमन माले बहीणनागत शे." मी वाढायचा डाव हातात घेऊन उभी होते. तो डाव तिच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं. आजही वाटतं.

मुलीची आई हात धुवायला मागं गेली आणि तिनंच आधी हाक मारली. आम्ही धावलो तेव्हा आवारातून पिवळट दाट धूर येत होता. टरफलं पेटताना भडकत नाहीत, आधी आतल्या आत धुमसतात आणि मग एकदम सगळीकडून धरतात. कोंबड्या एका कोपऱ्यात जाळीला चिकटून एकमेकींवर चढत होत्या. मी जाळीचं दार उघडलं, मायनं मोरीवरचा हंडा ओतला, भगवान शर्ट भिजवून झोडपत होता, नाना ओट्यावरून बादल्या आणत होते. आग विझली. काही कोंबड्या बाहेर निघाल्या, काही निघाल्या नाहीत. खुराड्याच्या तोंडाशी काळी कोंबडी खुडूक बसलेली होती, अंड्यांवर. खुडूक कोंबडी उठत नाही, तिला हातानं उचलावं लागतं. तिला उचलायला कुणाचा हात पोचला नव्हता. माय ओल्या राखेत उकिडवी बसली, तिनं तिला उचललं, खालची अंडी बघितली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. मी त्या वेळी मायचं तोंड बघितलं. मला आक्काचा जीव घ्यावासा वाटला, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते आहे.

मुलीची आई जाळीपाशी उभी होती. तिच्या स्वतःच्या घरी कोंबड्या होत्या, तिला एका नजरेत सगळं कळलं. टरफलांवर पांढऱ्या राखेचे ढीग होते आणि त्यांत पऱ्हाटीची अर्धवट जळलेली बुडखी. "हाई ते भरीतनी राख शे," ती म्हणाली. "इतली गरम राख कोनी टाकी व?"

आक्काचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं होतं. भगवान आईकडे बघत होता, नाना जमिनीकडे. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द बोलला की स्थळ उठून जाणार, भगवानचं लग्न मोडणार, आणि त्याबरोबर खोलीसुद्धा. मी तोंड उघडलं. "आक्का" एवढं बोलले असेन, तेवढ्यात मायनं माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की बांगडी रुतली.

"मी टाकी," माय म्हणाली. "घाईमा ध्यान नही राहिनं माले."

मुलीच्या आईनं मायकडे बघितलं, मग आक्काकडे, मग पुन्हा मायकडे. तिला काय कळलं आणि काय नाही ते मला सांगता येणार नाही. "व्हस बाई असं," ती म्हणाली, आणि पदर खोचून मायबरोबर मेलेल्या कोंबड्या गोळा करायला लागली. संध्याकाळी साखर वाटली गेली. लग्न ठरलं. मी कुणाशी बोलले नाही, मायशीसुद्धा नाही. मला वाटलं, हिनं सगळं घालवलं, परसदारही आणि खरंही.

पाहुणे गेल्यावर नाना ओट्यावर बसले होते. मी चुलीपाशी भांडी आवरत होते. आक्का आत आली आणि तिचं ते नेहमीचं सुरू करणार एवढ्यात माय तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. मायला आवाज चढवता यायचाच नाही.

"आक्का, आज मी तुमले वाचाडं. आते आयका. भगवाननं लगीन व्हऊ द्या, चांगलं व्हऊ द्या. पन परसदारनं नाव काढानं नही. आज नही, लगीन झायावर नही, कवयच नही. काढशात ते मी बोदवडले जाईसन सांगसू, राख कोनी टाकी."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आक्काचं उलटं झालं, तिचं तोंड बंद झालं. मग ती म्हणाली, "सुमन, तू मोठी वाईट शे."

"हाव," माय म्हणाली. "तुमनाकडथीनच शिकनू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं जळालेलं सगळं खरडून उकिरड्यावर टाकलं, मुरूम पुन्हा चोपला, आणि पत्र्याखालचं टरफलांचं पोतं ओढत आवाराच्या दारापर्यंत आणलं. मी उठून पुढं झाले तर तिनं मला हातानं थांबवलं. आक्का मोरीवर तोंड धूत होती. "आक्का, दुसरं टोक धरा," माय म्हणाली. आक्कानं तोंड पुसलं, इकडेतिकडे बघितलं, आणि येऊन धरलं. दोघींनी पोतं उलटं केलं. माझ्या आयुष्यात मला एवढं समाधान फार थोड्या वेळा मिळालं आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

भगवान लग्नानंतर बायकोला घेऊन धुळ्याला गेला, तिथं दुकान काढलं, त्याचं बरं चाललं. आक्का मात्र आमच्याकडेच राहिली. सुनेशी तिचं पटलं नाही, यात नवल ते काय. मी जळगावला कॉलेजला आले, नोकरी लागली, लग्न झालं. सुट्टीत चोपड्याला गेले की बघायची, टरफलं बदलायची वेळ आली की माय पोतं ओढून आणायची आणि काही न बोलता उभी राहायची, आणि आक्का उठून दुसरं टोक धरायची. दोघी एकमेकींशी मिठाचं विचारण्यापलीकडे बोलत नव्हत्या. नाना जाईपर्यंत त्यांना यातलं काही कळलं नाही. ते आपले रविवारी नाक वर करून हवा ओढत राहिले.

माय अचानक गेली. जलदानाचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि घरात मी आणि आक्का उरलो. आक्का तेव्हा फार म्हातारी झाली होती, कमरेत वाकलेली. मी ठरवलं होतं की कोंबड्या शेजारच्यांना देऊन टाकायच्या आणि आक्काला भगवानकडे पोचवायचं. सकाळी परसदारात आले तर ती आवाराच्या दाराशी टरफलांच्या पोत्यापाशी उभी होती. तिनं मूठभर टरफलं काढली, नाकाशी नेली, मुठीत चुरली, कानाशी धरली. हुबेहूब मायसारखं. मला ते बघून संताप आला. ती मूठ मायची होती, ते नाक मायचं होतं, आणि ही बाई ते वापरत होती.

"कोरडी शेतस," ती म्हणाली. "धर, शालू. दुसरं टोक धर."

मी जागची हलले नाही. इतक्या वर्षांत घरात कुणी तिला विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "आक्का, त्या दिनले तुले मालूम व्हतं ना, राखमा इस्तव शे ते?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. आवारात कोंबड्या जाळीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, पोतं दिसलं की त्या येतात.

"हाव," ती म्हणाली. "मालूम व्हतं. सुमनले बी मालूम व्हतं का माले मालूम व्हतं. आते धर."

मी तिला माफ केलं नाही. तेव्हा नाही, ती गेली तेव्हाही नाही. पण कोंबड्या वाट बघत होत्या, आणि पोतं एकट्या माणसाला उलटं करता येत नाही. मी दुसरं टोक धरलं.